वारा आणि ऊन : एका देशाचा हिशेब

ऊन कोणी विकत घेत नाही आणि वाऱ्यालाही कोणी मोल देत नाही. श्रीमंताच्या वाड्यावर आणि गरिबाच्या झोपडीवर निसर्ग ही दोन्ही देणी सारख्याच उदार हाताने उधळीत असतो. परंतु या फुकट मिळणाऱ्या वस्तूंपासून वीज निर्माण करावयाची असे ठरविले की हिशेबाची वही उघडावी लागते. यंत्रे घडवावी लागतात, जागा मिळवावी लागते, तारा ओढाव्या लागतात. त्यासाठी कर्ज काढावे लागते आणि त्या कर्जावर व्याजही भरावे लागते. मग साहजिकच प्रश्न निर्माण होतो की, या दोहोंपैकी स्वस्त कोणते? वाऱ्याची वीज, की उन्हाची?

प्रश्न वरवर पाहता त्रैराशिकाच्या उदाहरणासारखा सोपा वाटतो. यंत्राची किंमत काढावी, त्यातून मिळणाऱ्या विजेने तिला भागावे, म्हणजे उत्तर हाती आले! परंतु युरोपच्या उत्तरेकडील एका लहानशा देशाने हे उदाहरण सव्वाशेहून अधिक वर्षे सोडविले आहे, आणि प्रत्येक पिढीला त्यात एक नवी अट सापडली आहे. तो देश म्हणजे डेन्मार्क.

डेन्मार्कचे क्षेत्रफळ सुमारे ४३,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या सातव्या हिश्शाएवढे आहे. लोकसंख्या सुमारे साठ लाख. जटलंड नावाचे एक द्वीपकल्प आणि त्याच्या पूर्वेस विखुरलेली शेकडो बेटे मिळून हा देश बनलेला आहे. त्याची भूमी इतकी सपाट आहे की, तेथील सर्वांत उंच नैसर्गिक स्थळ समुद्रसपाटीपासून अवघे १७१ मीटर उंच आहे. देशातील कोणतेही गाव समुद्रापासून पन्नास-बावन्न किलोमीटरांहून अधिक दूर नाही. डोंगर नाहीत, त्यामुळे धबधबे नाहीत. धबधबे नाहीत, त्यामुळे जलविद्युत नाही. त्या भूमीत दगडी कोळशाच्या खाणीही नाहीत. निसर्गाने या देशाला एकच गोष्ट भरपूर दिली. पश्चिमेच्या उत्तर समुद्रावरून येणारा आणि वाटेत कोणताही पर्वत आडवा नसल्यामुळे सपाट शेतांवरून मोकाट धावणारा वारा, हीच ती देणगी होय.

या वाऱ्यावर धान्य दळण्याच्या चक्क्या तेथे शतकानुशतके चालत आल्या होत्या. परंतु त्याच वाऱ्यापासून वीज निर्माण करण्याचा पद्धतशीर प्रयत्न एका शिक्षकाने केला. त्याचे नाव पॉल ला कूर. तो पदार्थविज्ञान व हवामानशास्त्र यांचा जाणता होता. राजधानीतील हवामान संस्थेतील मोठ्या पदाचे काम सोडून तो १८७८ साली जटलंडमधील आस्कोव या खेड्यातील लोकविद्यालयात शिकवू लागला. शेतकऱ्यांच्या मुलांमुलींना शहाणे करण्यासाठी अशी विद्यालये त्या देशात जागोजागी निघाली होती. शहरांत विजेचे दिवे लागू लागले होते. खेडी मात्र अंधारात होती. विजेचा लाभ केवळ शहरांनाच का मिळावा, हा विचार ला कूरला स्वस्थ बसू देईना. १८९१ साली सरकारी साहाय्याने त्याने विद्यालयाच्या आवारात वीज निर्माण करणारी पवनचक्की उभारली.

यंत्र फिरू लागले, वीज मिळू लागली. आणि लगेच खरी अडचण पुढे आली. वारा वाहील तेव्हा वीज मिळे; दिवा मात्र अंधार पडेल तेव्हाच हवा असे. ला कूरने यावर मोठा कल्पक उपाय योजिला. विजेच्या साहाय्याने पाण्याचे पृथक्करण करून त्याने हायड्रोजन वायू मिळविला, तो टाक्यांत साठविला आणि वारा नसेल तेव्हा त्या वायूवर विद्यालयाचे दिवे लावले. १८९५ पासून काही वर्षे ही दिवाबत्ती चालू होती. हायड्रोजनात प्राणवायू मिसळला गेल्यामुळे प्रसंगी स्फोट होऊन खिडक्यांची तावदाने फुटत, ती पुन्हा बसवावी लागत. पण प्रयोग थांबला नाही. पुष्कळ पात्यांची सावकाश फिरणारी चक्की वापरण्यापेक्षा थोड्या पात्यांची वेगाने फिरणारी चक्की अधिक वीज देते, हेही त्याने प्रयोगांती सिद्ध केले. खेड्यांतील तरुणांना त्याने विजेच्या कामाचे शिक्षण दिले. पुढे अनेक गावांनी अशा चक्क्या उभारल्या.

ला कूरच्या विद्यार्थ्यांपैकी योहान्नेस यूल नावाच्या अभियंत्याने १९५७ साली गेडसर येथे तीन पात्यांची, २०० किलोवॅट शक्तीची पवनचक्की उभारली. आज जगभर दिसणाऱ्या वातयंत्रांची ती पूर्वज म्हणता येईल. ती दहा वर्षे चालली आणि १९६७ साली बंद पडली. यंत्रात दोष होता म्हणून नव्हे. परदेशातून येणारे खनिज तेल त्या काळी इतके स्वस्त होते की, वाऱ्याची वीज त्यापुढे महाग पडू लागली. येथे हिशेबाचा पहिला धडा मिळतो. कोणतीही वस्तू स्वतः स्वस्त किंवा महाग नसते. तिच्या शेजारी कोणती वस्तू विकावयास ठेवली आहे, यावर ते अवलंबून असते.

तेलाचे हे सुख फार काळ टिकले नाही. १९७३ साली अरब राष्ट्रांनी तेलाचा पुरवठा आवळला आणि भाव कडाडले. त्या वेळी डेन्मार्कला लागणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी नऊ-दशांशांहून अधिक भाग परदेशी तेलातून येत असे. त्या हिवाळ्यात रविवारी मोटारगाड्या रस्त्यावर आणण्यास सरकारला बंदी घालावी लागली. परक्याच्या विहिरीवर आपली बाग पोसणे किती धोक्याचे असते, याचा अनुभव त्या देशाने पुरता घेतला. अणुशक्तीचा मार्ग पुढे होता. परंतु त्यावर देशात प्रदीर्घ वाद झाला आणि १९८५ साली तेथील संसदेने अणुशक्तीला वीजनियोजनातून वगळले.

मग लोकांनी पुन्हा वाऱ्याकडे पाहिले. ट्विंड येथील शाळेतील शिक्षक, विद्यार्थी व स्वयंसेवक यांनी १९७५ ते १९७८ या काळात आपल्या हातांनी सुमारे दोन मेगावॅट शक्तीचे प्रचंड वातयंत्र उभारले. सुतार, लोहार आणि शेतीची अवजारे बनविणारे कारखानदार लहान यंत्रे तयार करू लागले. सरकारने १९७८ साली रिसो येथे यंत्रांची परीक्षा करणारे केंद्र स्थापिले, आणि १९७९ पासून यंत्राच्या किमतीच्या ३० टक्के रक्कम साहाय्य म्हणून देण्यास आरंभ केला. मात्र हे साहाय्य परीक्षेत उतरलेल्या यंत्रालाच मिळे. या एका अटीमुळे वाईट यंत्रे बाजारातून आपोआप गळाली. यंत्रे जसजशी सुधारली तसतसे साहाय्य कमी करण्यात आले आणि १९८९ साली ते बंद झाले. लेकराला चालावयास शिकविताना बोट धरावे, आणि पाय स्थिर झाले की सोडावे, अशातलाच हा प्रकार होता.

या यंत्रांचे धनी कोण, हेही पाहण्यासारखे आहे. एका शेतकऱ्याला जे परवडत नसे ते दहा-वीस कुटुंबे मिळून विकत घेत. भाग विकत घ्यावा, गावाच्या शिवारात यंत्र उभारावे आणि विजेचे उत्पन्न वाटून घ्यावे, अशी ही पद्धत. सहकारी साखर कारखान्यांच्या महाराष्ट्रात ही कल्पना कोणालाही परकी वाटणार नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस डेन्मार्कमधील लाखाहून अधिक कुटुंबांचे वातयंत्रांत भाग होते. कोपनहेगन शहरासमोरच्या समुद्रात २००० साली उभारलेल्या मिडेलग्रुंडेन येथील वीस यंत्रांपैकी दहा यंत्रे सुमारे साडेआठ हजार सभासदांच्या सहकारी संस्थेच्या मालकीची झाली.

आता वाऱ्याच्या हिशेबाकडे वळू. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातील शक्ती दुप्पट होत नाही. ती आठपट होते. वेग तिप्पट झाला तर शक्ती सत्तावीसपट होते. शास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर, वाऱ्याची शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. यास्तव जागेची निवड हाच येथे सर्व व्यवहाराचा पाया ठरतो. जमिनीवर घरे, झाडे व टेकाडे वाऱ्याला अडवितात. समुद्रावर त्याला कोणी अडवीत नाही. म्हणूनच १९९१ साली विंडेबी येथे जगातील पहिले समुद्रातील वातक्षेत्र उभे राहिले. त्याच्या अकरा यंत्रांची एकूण शक्ती सुमारे ५ मेगावॅट होती. पंचवीस वर्षे काम करून २०१७ साली ती यंत्रे उतरविण्यात आली. आज समुद्रावरील एकच मोठे यंत्र त्या अकराही यंत्रांच्या मिळून शक्तीच्या दुपटीहून अधिक शक्तीचे असते.

पण समुद्र सारे काही फुकट देत नाही. तळाशी भक्कम पाया घालावा लागतो, यंत्र नेण्यासाठी खास जहाजे लागतात, समुद्रतळावरून केबल टाकावी लागते, खाऱ्या पाण्याने लोखंड गंजते, आणि एखादा भाग बिघडला तर दुरुस्तीसाठी लाटा शांत होण्याची वाट पाहावी लागते. तेथे वारा अधिक मिळतो. खर्चही अधिक होतो.

उन्हाची गोष्ट याहून निराळी आहे. १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सिलिकनचा जो सौर घट तयार झाला, तो आपल्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी अवघ्या सहा टक्क्यांचे विजेत रूपांतर करीत असे. त्याची किंमत इतकी भारी होती की, प्रारंभी तो मुख्यतः अंतराळातील उपग्रहांवरच परवडे. आजचे चांगले सौर पॅनेल वीस टक्क्यांहून अधिक प्रकाशाची वीज करते. आणि २०१० ते २०२० या एकाच दशकात पॅनेलची किंमत सुमारे नऊ-दशांशांनी उतरली. त्यात फिरणारा भाग नाही, घासणारे चाक नाही, तेलपाणी करावयाचे नाही. ते शेतात मांडता येते, तसेच घराच्या छपरावरही बसविता येते. थंड हवेत तर ते अधिक चांगले काम करते.

मग डेन्मार्कने सारा देशच पॅनेलांनी का झाकू नये? याचे उत्तर भूगोलात आहे. कोपनहेगन शहर विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे ५६ अंशांवर आहे. डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात तेथे दिवस जेमतेम सात तासांचा असतो, आणि भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून फक्त ११ अंश वर येतो. त्याच दिवशी मुंबईत दुपारचा सूर्य सुमारे ४७ अंश उंच असतो. विजेरीचा झोत भिंतीवर सरळ टाकला तर लहान आणि तेजस्वी वर्तुळ दिसते. तिरपा टाकला तर तोच प्रकाश पसरून फिका होतो. तिरप्या उन्हाचीही तीच गत होते. शिवाय अशा उन्हाला वातावरणाचा अधिक जाड थर ओलांडून यावे लागते, आणि हिवाळ्यातील ढग उरलेसुरले तेज झाकून टाकतात. उलट जूनमध्ये दिवस साडेसतरा तासांचा होतो आणि पॅनेल दिवसभर वीज देत राहते. सारांश, उत्तरेकडील ऊन हे वर्षभर नियमाने पगार आणणाऱ्या नोकरासारखे नसते. ते सुगीत घर भरून टाकणाऱ्या आणि एरवी हात पोकळ ठेवणाऱ्या शेतासारखे असते.

आता या दोहोंची तुलना आकड्यांनी करून पाहू. एक किलोवॅट शक्तीचे यंत्र वर्षाचे सर्व ८,७६० तास पूर्ण शक्तीने चालले, तर ते ८,७६० युनिट वीज देईल. परंतु रात्र, ढग आणि पडलेला वारा यांमुळे तसे कधीच घडत नाही. डेन्मार्कमध्ये एक किलोवॅटचे सौर पॅनेल वर्षाकाठी सुमारे १,००० युनिट देते. तेवढ्याच शक्तीचे जमिनीवरील वातयंत्र चांगल्या जागी अडीच हजार युनिटांच्या आसपास वीज देते, आणि समुद्रावरील यंत्र सुमारे ४,००० युनिट देते. याचा अर्थ असा की, एका किलोवॅटमागे जमिनीवरील वातयंत्राची किंमत पॅनेलच्या अडीचपट, किंवा समुद्रावरील यंत्राची चौपट असली, तरीही विजेचे प्रत्येक युनिट सर्वांना जवळजवळ सारख्याच किमतीला पडेल. म्हणून ‘पॅनेल स्वस्त आहे’ एवढेच म्हणणे पुरेसे नसते. ‘या अक्षांशावर ते किती वीज देते’ हेही सांगावे लागते. तेच पॅनेल उन्हाच्या देशात नेले की त्याचे उत्पन्न सहज दीडपट होते.

यापुढची बाब व्याजाची. कोळशाच्या वीजकेंद्रात रोज इंधनावर खर्च होतो. वाऱ्याला व उन्हाला इंधन लागत नाही. त्यामुळे जवळजवळ सगळा खर्च आरंभीच करावा लागतो, आणि तो बहुधा कर्जाऊ पैशातून होतो. समजा, एका यंत्रासाठी एक लाख क्रोनरांचे कर्ज काढले आणि ते पंचवीस वर्षांत सारख्या हप्त्यांनी फेडावयाचे आहे. व्याजाचा दर तीन टक्के असेल तर वर्षाचा हप्ता सुमारे ५,७४० क्रोनर होतो. दर सात टक्के झाला तर तोच हप्ता सुमारे ८,५८० क्रोनर होतो. यंत्र तेच, वारा तोच, पात्यांचे फिरणेही तेच. पण सावकाराचा दर बदलताच विजेचा खर्च जवळजवळ दीडपट झाला! उन्हाची व वाऱ्याची वीज ही बरीचशी व्याजाचीच वीज असते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

येथवरचा हिशेब खर्चाचा झाला. परंतु बाजारात जाणाऱ्या शेतकऱ्याला केवळ पिकविण्याचा खर्च पाहून चालत नाही. विकताना भाव काय मिळतो, हेही पाहावे लागते. लासलगावच्या बाजारात साऱ्या तालुक्यांचा कांदा एकाच वेळी उतरला की भाव कोसळतात. टंचाईच्या दिवसांत तोच कांदा सोन्याच्या मोलाने विकला जातो. कांदा निदान चाळीत काही महिने साठविता येतो. वीज मात्र ज्या क्षणी तयार होते त्याच क्षणी वापरावी लागते. उत्तम वारा सुटला म्हणजे देशातील सगळीच वातयंत्रे एकदम फिरू लागतात. जूनमध्ये निरभ्र दुपार उगवली म्हणजे सगळीच पॅनेले एकदम वीज ओततात. अशा वेळी विजेचा भाव घसरतो. तो शून्याखाली जाण्याचे प्रसंगही डेन्मार्कमध्ये येतात. म्हणजे वीज घेणाऱ्यालाच उलट पैसे मिळतात. ज्याचे पीक सर्वांच्या पिकाबरोबरच येते, त्याला सुगीचा आनंद निर्भेळ मिळत नाही.

हा धडा त्या देशाला छपरांवरील पॅनेलांनी चांगला शिकविला. पूर्वी तेथे असा नियम होता की, घरमालकाने उन्हाळ्यात जेवढी जादा वीज जाळ्यात सोडली असेल तेवढीच त्याला हिवाळ्यात फुकट परत घेता यावी. वर्षाच्या शेवटी मीटरवरील बेरीज-वजाबाकी केली की झाले. पॅनेले स्वस्त होताच २०१२ साली हजारो घरांनी ती बसविली. परंतु जूनच्या दुपारचे युनिट आणि जानेवारीच्या संध्याकाळचे युनिट मीटरवर सारखे दिसले, तरी त्यांचे मोल सारखे नसते. हिवाळ्यातील वीज दुसऱ्या कोणाला तरी निर्माण करावीच लागते आणि तिचा भार पॅनेल नसलेल्या शेजाऱ्यावर पडतो. म्हणून त्याच वर्षाच्या अखेरीस नव्या पॅनेलांसाठी नियम बदलून वर्षाऐवजी तासाचा हिशेब सुरू करण्यात आला. नियम बदलला तेव्हा कित्येक घरमालक नाराज झाले. परंतु ‘किती’ या प्रश्नाबरोबर ‘केव्हा’ हा प्रश्नही विचारावा लागतो, हे सर्वांना कळून चुकले.

याच हिशेबाची दुसरी बाजू समुद्रावर दिसून आली. २०२१ साली ‘थोर’ या नावाच्या सुमारे १,००० मेगावॅटच्या वातक्षेत्रासाठी निविदा मागविण्यात आल्या. सरकारी साहाय्य मागणे तर दूरच, उलट सरकारलाच पैसे देऊन ते काम घेण्यास अनेक कंपन्या पुढे आल्या. त्यांची मागणी सारखीच निघाली, तेव्हा शेवटी चिठ्ठ्या टाकून निवड करावी लागली. आणि सरकारच्या तिजोरीत २८० कोटी क्रोनर येण्याचे ठरले. त्यानंतर तीनच वर्षांनी, डिसेंबर २०२४ मध्ये, उत्तर समुद्रातील ३,००० मेगावॅटच्या क्षेत्रांसाठी निविदा मागविल्या असता एकही निविदा आली नाही! दरम्यान व्याजाचे दर चढले होते, पोलाद व यंत्रे महागली होती, आणि वारा सुटताच पडणाऱ्या भावाची धास्ती भांडवलदारांनी घेतली होती. समुद्र तोच होता आणि वाराही तोच होता. २०२५ साली सरकारने साहाय्य देऊन पुन्हा निविदा काढण्याचे ठरविले. यशाच्या शिखरावर असतानाही हिशेबाची वही मिटवून ठेवता येत नाही, हेच यावरून दिसते.

मग ऊन आणि वारा यांपैकी उत्तरेच्या देशाने कोणाची निवड करावी? डेन्मार्कचा अनुभव असा की, हा प्रश्नच थोडा बदलून विचारावा. त्या देशात वाऱ्याचा जोर हिवाळ्यात अधिक आणि उन्हाळ्यात कमी असतो. उन्हाचे याच्या अगदी उलट असते. एक झोपतो तेव्हा दुसरा जागा असतो. दोन्ही मिळून नांगर ओढू लागले म्हणजे वर्षाचे काम बरेच सारखे होते. म्हणूनच २०२३ साली त्या देशातील विजेपैकी निम्म्याहून अधिक वीज वाऱ्यापासून मिळाली, आणि सुमारे एक-दशांश उन्हापासून. वाऱ्याचा वाटा मोठा आहे, कारण तो अंधाऱ्या महिन्यांत कामी येतो; उन्हाचा वाटा झपाट्याने वाढत आहे, कारण पॅनेले स्वस्त झाली आहेत आणि ती काही महिन्यांत उभी राहतात.

तरीही असे दिवस येतात की ऊन नसते आणि वाराही पडलेला असतो. अशा वेळी शेजारी उपयोगी पडतो. नॉर्वेमध्ये डोंगर आहेत आणि मोठमोठे जलाशय आहेत. १९७७ पर्यंत समुद्रतळावरून केबल टाकून डेन्मार्कने आपले विजेचे जाळे नॉर्वेशी जोडले होते. डेन्मार्कमध्ये वारा जोरात असला की नॉर्वे ती वीज विकत घेतो आणि आपल्या धरणांतील पाणी राखून ठेवतो; वारा पडला की ते पाणी सोडून वीज परत देतो. डोंगर नसलेल्या देशाने शेजाऱ्याच्या डोंगरात जणू आपला वारा साठविला! स्वीडन, जर्मनी व नेदरलँड्स यांच्याशीही असेच दुवे आहेत, आणि २०२३ साली सुमारे ७६० किलोमीटर लांबीच्या केबलने डेन्मार्क ब्रिटनशी जोडला गेला.

दुसरा उपाय उष्णता साठविण्याचा. डेन्मार्कमधील सुमारे दोन-तृतीयांश घरांना एका केंद्रात तापविलेले पाणी नळांनी पुरविले जाते आणि त्यावर घरे उबदार राहतात. वीज स्वस्त झाली की या केंद्रांत तिच्यावर पाणी तापवून मोठमोठ्या टाक्यांत ठेवतात. एरो बेटावरील मार्स्टाल या गावाने तर याहून साधी युक्ती केली. तेथे वीज न करता उन्हावर सरळ पाणीच तापवितात, आणि ७५,००० घनमीटरांच्या झाकलेल्या तळ्यात ते साठवून उन्हाळ्याची ऊब हिवाळ्यासाठी राखतात. जेथे उष्णताच हवी आहे, तेथे आधी वीज करून मग तिची उष्णता करण्याचा आटापिटा कशासाठी?

तिसरा उपाय पाहिला म्हणजे आस्कोवच्या त्या शिक्षकाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. २०२५ साली दक्षिण जटलंडमधील कासो येथे एका विस्तीर्ण सौर क्षेत्राजवळ कारखाना सुरू झाला. तेथे विजेने पाण्याचे पृथक्करण करून हायड्रोजन काढतात आणि त्यापासून जहाजांना उपयोगी पडणारे मिथेनॉल हे द्रवरूप इंधन बनवितात. ला कूरने टाकीत भरलेला तोच हायड्रोजन, सव्वाशे वर्षांनंतर! हे इंधन तेलापेक्षा अजून महाग पडते. पण वाया जाणाऱ्या विजेला गिऱ्हाईक मिळवून देण्याची ही वाट आहे.

पैशाच्या हिशेबात न मावणारी एक बाब शेवटी राहतेच. वातयंत्राची सावली आणि त्याचा आवाज ज्याच्या अंगणात येतो, त्याला नफ्यात वाटा मिळाला नाही, तर तो त्या यंत्राचा शत्रू होतो. हे जाणून २००९ पासून काही वर्षे तेथे असा कायदा होता की, नव्या वातयंत्रातील किमान वीस टक्के भाग आसपासच्या रहिवाशांना देऊ करावेत. सौर क्षेत्रांबाबतही आता अशीच कुरबुर ऐकू येते. जेथे गहू डोलत होता तेथे काळी पॅनेले दिसू लागली, तेव्हा खेड्यांतील लोक त्यांना ‘लोखंडी शेते’ म्हणू लागले. एका गावाभोवतीचे सारे शिवार पॅनेलांनी वेढले, तर विजेचे युनिट स्वस्त पडूनही ते गावकऱ्यांना महागच वाटते. सहकारी पद्धतीच्या जुन्या दिवसांत हा विरोध कमी होता. कारण तेव्हा यंत्र ज्याच्या डोळ्यांसमोर फिरे, त्याच्याच वहीत त्याची मिळकत जमा होई.

डेन्मार्कची ही कथा वाचून कोणी तेथील आकडे जसेच्या तसे उचलील, तर तो फसेल. त्याचा वारा, त्याचा अक्षांश आणि त्याचे शेजारी दुसऱ्या देशाला मिळणार नाहीत. घेण्यासारखी आहे ती त्याची विचार करण्याची रीत. यंत्राची किंमत काय, हा पहिला प्रश्न झाला. येथे ते किती वीज देईल? कर्ज कोणत्या दराने मिळेल? वीज गरजेच्या वेळी येईल काय? उरलेली कोठे ठेवावी, उणी पडलेली कोठून आणावी? आणि लाभ व त्रास कोणाकोणाच्या वाट्याला येतील? हे प्रश्न त्यापाठोपाठ विचारावे लागतात. आस्कोवच्या शिक्षकाने पहिली चक्की उभारली तेव्हा त्याच्यापुढे जो प्रश्न होता, त्यातच या सर्वांचे बीज होते : वारा आपल्या सोयीने वाहतो आणि दिवा मात्र आपल्या गरजेने लावावा लागतो. हे अंतर जो देश जितक्या कमी खर्चात ओलांडील, तितकी वाऱ्याची आणि उन्हाची वीज त्याला स्वस्त पडेल.